तुलनेचं गाव

आमच्या मॅडम टीव्हीकडे पाठ करून बसत. कुणाच्या घरी गेलो आणि टीव्ही चालू असला, की घरचा माणूस आदरानं समोरची खुर्ची रिकामी करून देई. मॅडम ती खुर्ची उचलत, उलटी फिरवत आणि पोरांकडे तोंड करून बसत. मग तासभर हलत नसत. पोरं टीव्ही बघत, मॅडम पोरं बघत. घरच्यांना ते अवघड होई. एका घरातल्या म्हातारीनं मला चुलीपाशी बोलावून हळूच विचारलं, "बाईच्या डोळ्याला काय झालंय का गं? उजेड सोसत न्हाई का?"

"डोळे चांगले आहेत आजी. त्यांचं कामच ते आहे."

"पोरं बघायचं?"

"हो."

"आन त्याचा पगार मिळतो?"

मिळत होता. मॅडमना सरकार देत होतं आणि मॅडमच्या हाताखाली मलाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. नगर जिल्ह्यात मोठ्या रस्त्यावरच्या गावांत केबल पोचली होती. घराघरांत रंगीत टीव्ही येत होते आणि वर्तमानपत्रांत रोज कुणी ना कुणी काळजी करत होतं की पोरांचे डोळे जाणार, झोप जाणार, मैदानं ओस पडणार. शेवटी सरकारच्या एका खात्यालाही काळजी वाटली. टीव्हीनं शाळकरी मुलांच्या तब्येतीचं काय होतं ते तपासा, म्हणून अनुदान मंजूर झालं. नगरमध्ये एक खोली, आठवड्यातून काही दिवस जीप, वजनकाटा, उंचीची पट्टी, डोळे तपासायचा तक्ता, डॉक्टर म्हणून मॅडम आणि मदतनीस म्हणून मी, एवढा सगळा पसारा होता. मी नुकती समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडले होते. माझी नोकरी वर्षाच्या कराराची होती.

मॅडमनी पन्नाशी ओलांडली होती. सरकारी दवाखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि हा अभ्यास मिळावा म्हणून त्यांनी फार खेटे घातले होते. उंच, रुंद हाडाच्या, सुती गोल पातळ आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. काखेत छत्री बारा महिने असे. पावसाळ्यात ती कधी उघडलेली मी पाहिली नाही. ती कुत्र्यांसाठी होती.

चहाचा त्यांचा एक नियम होता. आमच्या भागात दारात आलेल्याला चहा विचारत नाहीत, सरळ ठेवतात. मॅडम उंबऱ्यातूनच ओरडत, "आत्ता ठेवू नका हो, जाताना घेते." मला म्हणत, "चहा घेतला की आपण पाहुणे होतो. पाहुण्याला कोण खरं सांगतं?" मात्र निघताना त्या प्रत्येक घरी चहा घेत, अर्धा नाही, पुरा. गावातली घरं संपेपर्यंत त्यांच्या पोटात चहाशिवाय कशालाही जागा उरत नसे. मग डब्यातली भाकरी मला आणि ड्रायव्हरला मिळे. मिरजगावच्या स्टँडसमोर जीप थांबवून आम्ही कधी भेळ घेतली, तर मॅडम भेळ आम्हाला देत आणि कागद स्वतः वाचत. कागद अर्थातच फाटका. बातमी निम्मी. पुढं त्या माणसाचं काय झालं असेल यावर त्या नगर येईपर्यंत बोलत.

सासवांचा प्रश्न त्यांनी वजनकाट्यानं सोडवला होता. मुलांच्या खाण्याबद्दल, झोपेबद्दल आईला विचारायचं, तर सासू मध्ये बसलेली. "आमचं पोरगं काई टीव्ही बघत न्हाई, अभ्यास करतं," हे उत्तर सासूचं, आणि सून भिंतीकडे बघत गप्प. मॅडमनी वजनकाटा मुद्दाम बाहेर ओसरीवर ठेवायला सुरुवात केली आणि माझ्या शेजारी ड्रायव्हरला उभं केलं. "आजी, तुमचं वजन कधी केलंय का? फुकट आहे." एका आजीचं केलं की शेजारच्या चार येत. मग कुणाचं जास्त भरलं, कुणी लुगड्याच्या ओच्यात काही बांधलंय का, यावर बाहेर जोरात भांडण चाले. तेवढ्यात आत मॅडम सुनेजवळ जमिनीवर बसून सगळं विचारून घेत. बाहेरची वजनं मी पाटीवर लिहायची आणि पुसायची. त्यांचा आमच्या कामाशी काही संबंध नव्हता. पण म्हाताऱ्या खूश असायच्या.

'परिणाम' हा शब्द त्यांना चालत नसे. मी एकदा नोंदीत लिहिलं, टीव्हीचा परिणाम म्हणून मुलगा पहिल्या तासाला वर्गात झोपतो. त्यांनी पेनानं काट मारली. "तो झोपतो, एवढंच आपण बघितलं. त्याला पहाटे पाणी धरायला उठवतात का, ते विचारलंस? परिणाम हा शेवटच्या पानावरचा शब्द आहे. आपण अजून पहिल्यावर आहोत." विचारायला गेले. पहाटे पाणी धरायला उठवत होते. टीव्हीही बघत होता, ते खरंच. पण पाणीही धरत होता.

हल्लीच दोन तरुण मुलं माझ्याकडे आली होती. मोबाईल आणि तरुणांची तब्येत असा विषय, अनुदान सरकारचंच. चांगली मुलं होती. त्यांच्या यंत्रावर पहिला प्रश्न होता, रोज किती तास बघता? मला हसू आलं. आमच्या पहिल्या प्रश्नावलीत हाच प्रश्न होता आणि एकाही घरानं त्याचं उत्तर तासांत दिलं नव्हतं. सगळीकडे एकच उत्तर, "लाईट असंल तवर." लाईट कधी जाईल, कधी येईल, ते महावितरणच्या आधीच्या त्या मंडळालाच ठाऊक. मॅडमनी तासांचा रकाना खोडून तिथं हेच तीन शब्द लिहून टाकले. मुंबईहून खात्याच्या साहेबांचं पत्र आलं, की हे एकक मान्य नाही. मॅडमनी उलट लिहिलं, की लाईट तेवढी नियमित करून द्या, मी तास लिहून पाठवते.

अभ्यास असा ठरला होता. दोन गावं घ्यायची. एक मिरजगावच्या पुढं, रस्त्यालगतचं, केबल आलेलं. दुसरं तिथून बरंच आत, टीव्ही नसलेलं. दोन्हीकडच्या मुलांची तपासणी एकदा करायची, वर्षानं पुन्हा करायची आणि फरक बघायचा. हे दुसरं गाव म्हणजे तुलनेचं गाव. त्याच्याशिवाय सगळं फुकट, कारण मुलं वर्षभरात अशीही बदलतातच. मंजुरीच्या पत्रात अट स्पष्ट होती, की वर्ष संपेपर्यंत तुलनेच्या गावात टीव्ही येता कामा नये, आला तर दुसऱ्या वर्षाचं अनुदान नाही. म्हणजे मॅडमचा अभ्यास आणि माझी नोकरी दोन्ही त्या गावावर टांगलेली होती. गावांची नावं मी सांगत नाही, दोन्हीकडे अजून माझी ये-जा आहे.

तुलनेचं गाव टेकड्यांच्या मधल्या खोलगटात होतं. वीज होती, पण अँटेना कितीही उंच केली तरी चित्र धरत नसे. एसटी दिवसातून एकदा येई, मनात असेल तर. मध्ये मारुतीचं देऊळ, अलीकडे शाळा, ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती. पहिल्या तपासणीत मुलं कुठं खेळतात, हे आम्ही घरोघर विचारत होतो. संध्याकाळी बहुतेक पोरं देवळाच्या मांडवात असत, वस्तीतली मात्र ओढ्यात. मॅडमनी वस्तीतल्या कांताबाईंना विचारलं, "मांडवात नाही का जात? कुणी अडवतं?"

कांताबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "आडवायचं तवा आडीवलं. आता कोन आडवत न्हाई. आता आमचं आमी जात न्हाई."

"आणि शाळेत?"

"शाळेत का न्हाई जानार? शाळा काय कुनाच्या बापाची हाय?"

मॅडमनी हे दोन्ही शब्दशः लिहून घेतलं. मी म्हटलं, "मॅडम, याचा टीव्हीशी काय संबंध?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही. पण बाईनं एवढं नीट सांगितलं, तर लिहायला आपलं काय जातं?"

गावचे सरपंच म्हणजे तात्या. धोतर, गांधी टोपी, आणि सगळ्या कामात स्वतः पुढं. पहिल्या तपासणीला त्यांनी घराघरातून पोरं हुडकून आणली, तक्ता टांगायला स्वतः खिळा ठोकला. इतका उत्साह सरकारी कामात मी पाहिला नव्हता. मॅडमही म्हणाल्या, "माणूस चांगला आहे. कारण काहीतरी असणार."

कारण चार महिन्यांनी कळलं. आम्ही मुलांची वजनं बघायला गेलो होतो. तात्यांच्या घराच्या माळवदावर मॅडमना काहीतरी दिसलं. छत्री वर करून त्यांनी विचारलं, "तात्या, हे काय?"

"कुठं काय?"

"हे वरती. अँटेना."

"ते व्हय? कपडे वाळत घालाया."

खरोखरच त्याच्यावर एक धोतर आणि टॉवेल वाळत होते. मॅडम म्हणाल्या, "मग कपड्यांची वायर घरात कशाला गेली?"

तात्यांच्या कारभारणीनं पदर तोंडाला लावला. तात्या थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले, मग आत गेले आणि कणगीमागून पोत्यात गुंडाळलेला एक छोटा काळा-पांढरा टीव्ही बाहेर घेऊन आले. जावयानं दिलेला. चित्र कधी आलंच नव्हतं, नुसत्या मुंग्या.

"अहो, मग लपवला कशाला?"

"तुमी लिवून घेत हुता की. कुनाकडं हाय, कुनाकडं न्हाई. हाय म्हनल्यावर आमचं नाव कटलं असतं."

"कशातून कटलं असतं?"

"टीव्हीतून."

मग सगळा उलगडा झाला. गावाचा हिशोब अगदी सरळ होता. मागं एकदा सरकारी माणसं आली, संडास कुणाकडं नाहीत ते मोजून गेली, पुढच्या वर्षी संडास आले. विहिरी मोजल्या, विहिरी आल्या. बिनधुराच्या चुली मोजल्या, चुलीही आल्या. आता डॉक्टरीणबाई जीप घेऊन येते आणि टीव्ही कुणाकडं नाही ते पोरानिशी मोजते. मग येणार काय? आणखी दोन घरांनी असेच मुंग्यांचे टीव्ही दडवले होते. लाभार्थी यादीतून नाव जाऊ नये म्हणून.

मॅडमनी तिथंच ओसरीवर उभं राहून समजावलं. "तात्या, आम्ही काही देणार नाही. आम्ही फक्त बघायला येतो. तुमच्या गावात टीव्ही नाही, म्हणूनच तुमचं गाव आम्हाला हवंय."

"न्हाई म्हनून हवं?"

"हो."

"आन आला की नको?"

मॅडम म्हणाल्या, "तसंच."

तात्या माझ्याकडे वळले. "ताई, तुमच्या म्याडम मानूस लई चांगल्या हायेत. पन हे उलटं हाय." आणि त्यांनी डोळा बारीक केला, म्हणजे सरकारी माणूस देईपर्यंत देणार नाही असंच म्हणतो, एवढं त्यांना कळत होतं.

उन्हाळ्यात एक दिवस तात्या नगरला आमच्या खोलीवर आले. इस्त्रीचे कपडे, हातात पेढ्यांचा पुडा.

"आला म्याडम!"

"कोण आलं?"

"टीव्ही. कलर. वर ती मोठी छत्री बी हाय, चित्र काचंवानी दिसतंय. आपल्या मोजनीच्या जोरावर आनला. मी जिल्ह्याच्या मोठ्या सायबापुढं तेच म्हनलो, सरकारनं डाक्टर धाडून मोजलंय, आमच्या एवढ्या पोरांनी टीव्ही बघितला न्हाई, आता द्या. द्यावा लागला. देवळाच्या मांडवात ठिवलाय, कुलपात. आन फीत तुमच्या हातानं कापायची. शाल घेतलीय, नारळ घेतलाय, सगळ्या गावाला सांगून झालंय. तुमच्याबिगर चालू करायचा न्हाई, आसं ठरलंय."

मॅडमनी पेढा घेतला, सगळा खाल्ला, पाणी प्यायल्या. "येते," म्हणाल्या. तात्या आनंदानं गेले. जिन्यावरचा त्यांचा आवाज बंद झाल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "गाव गेलं आपलं." आणि दुसरा पेढा घेतला. सामान्यतः त्या गोड खात नसत.

आता त्या गावानं मॅडमचं ऐकलं असतं, हे मला माहीत होतं. वर्ष संपेपर्यंत टीव्ही कुलपातच ठेवा, असा शब्द त्यांनी टाकला असता तर तात्यांनी नाराजीनं का होईना, पाळला असता. मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "पोरांना रोज कुलूप बघायला लावू? मी डॉक्टर आहे, पहारेकरी नाही."

योगायोगानं त्याच आठवड्यात मुंबईचे साहेब पाहणीला येणार होते. आले. मॅडमपेक्षा वयानं लहान, हुशार, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता. आम्ही त्यांना घेऊन तुलनेच्या गावाकडे निघालो. वाटेत मॅडमनी काहीही न झाकता सगळं सांगितलं. साहेबांनी गावाबाहेर एका लिंबाखाली जीप थांबवायला लावली आणि आमच्या नोंदी मागितल्या. शांतपणे वाचल्या. मग त्यांचा चेहरा खुलला.

"मॅडम, काम वाचतंय. टीव्ही देवळात आहे ना? देवळातच राहू द्या. ओढ्यापलीकडची मुलं देवळात येत नाहीत, तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ती मुलं टीव्ही बघणार नाहीत. तीच आपली तुलना. एकाच गावात दोन गट मिळाले, उलट जास्त चांगलं. अनुदान मी आणतो, माझा शब्द."

पद्धत म्हणून त्यात चूक काढता येत नव्हती. साहेब ते अगदी सरळ मनानं, गणित सुटल्यासारखं बोलले. मी मॅडमकडे बघितलं. त्या एक बूट काढून आतला खडा झटकत होत्या. खडा पडल्यावर म्हणाल्या, "ती मुलं का बघणार नाहीत, ते कोणत्या रकान्यात लिहू?"

"त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही, मॅडम."

"एका गटाला बसायला जागा आहे आणि एकाला नाही. मग मी तुलना कशाची करतेय? टीव्हीची का?"

"मी तुमचंच काम वाचवतोय."

"हो, ते दिसतंय मला. आभार मानते." त्यांनी बूट घातला, नाडी बांधली. मग मला म्हणाल्या, "अगं, तुझी नोकरी जाईल."

"हो."

"दुसरी बघशील ना?"

"बघीन."

"चला मग."

देवळाच्या मांडवात गाव जमलं होतं. टीव्ही लाल कापडाखाली झाकलेला, फीत बांधलेली, कडेला भजनी मंडळातली म्हातारी माणसं मांडी घालून बसलेली. मॅडमनी शाल घ्यायच्या आधीच सांगितलं, की टीव्ही शाळेच्या ओट्यावर ठेवा, म्हणजे गावातली सगळी पोरं बसतील. वस्तीतली पोरं इथं येत नाहीत.

मग एकजण म्हणाला, "आमी कुठं आडिवतो?" दुसरा म्हणाला, "यावं की. कोन नगं म्हनतंय?" तात्या नरमाईनं म्हणाले, "म्याडम, हितं कुलूप हाय, पत्रं नवीन हायेत. शाळेच्या ओट्यावर पोरं दोन दिवसांत फोडत्याल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुद्दा तिथं संपल्यासारखा झाला. साहेब कडेला उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं.

मॅडमनी मांडवभर नजर फिरवली, गाभाऱ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बरं, लोक बसणार कुठं तोंड करून?"

"म्हंजी? टीव्हीकडं."

"म्हणजे मारुतीकडे पाठ."

तात्यांनी मागं वळून बघितलं. तसंच होतं. टीव्ही मांडवाच्या तोंडाशी होता, लोक त्याच्याकडे बघत बसले तर मारुती त्यांच्या मागं.

"मग टीव्ही फिरवू," तात्या म्हणाले. "गाभाऱ्याच्या दाराशी ठिवू. मंग लोकांचं तोंड मारुतीकडंच."

"आणि टीव्हीची पाठ मारुतीला," मॅडम म्हणाल्या. "की कडेला ठेवता? कडेला ठेवला तर मारुतीलाही दिसेल. शुक्रवारी सिनेमातली गाणी असतात."

भजनी मंडळातले सगळ्यात म्हातारे बुवा तोपर्यंत जपमाळ ओढत होते. ती थांबली. "कसली गानी?"

"नाचाची," मॅडम म्हणाल्या.

"बायका?"

"असतात."

"ब्रह्मचारी हाय त्यो!" बुवा उठून उभे राहिले. "आरं तात्या, तुजं डोस्कं फिरलं का? देवाफुडं बायका नाचीवतो? उचला ते आत्ताच्या आत्ता!"

"बुवा, आता फीत बांधलीय…"

"फितीसकट उचला!"

आणि उचलला. चौघांनी टीव्ही, दोघांनी टेबल, एकानं फीत. तात्या मागून "हाळू, हाळू, सरकारी माल हाय" म्हणत. सगळी वरात शाळेकडे गेली. साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुमच्या मॅडम मुरलेल्या आहेत." मी मॅडमना तसं सांगितलं. त्या खूश झाल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं कारण पहिल्यांदा सांगितलं होतं मी. ते कुणी ऐकलं नाही. हे ऐकलं." आणि छत्री आपटत चालू लागल्या.

शाळेच्या ओट्यावर मॅडमनी फीत कापली, शाल घेतली, नारळ माझ्या हातात दिला. तात्यांनी बटण दाबलं आणि काही झालं नाही. लाईट गेली होती.

कुणी उठलं नाही. पोरं ओट्यावर आणि खाली मैदानात दाटीनं बसून काळ्या काचेकडे बघत राहिली. काचेत आपलंच तोंड दिसतं हे कळल्यावर वेडावून दाखवायला लागली. एक पोरगं ओढ्याकडे पळालं आणि थोड्या वेळानं वस्तीतली पोरं त्याच्या मागून आली. मास्तरांनी त्यांना वर्गातल्यासारखं ओरडून पुढं बसवलं, कारण ती उंचीनं लहान होती आणि कवायतीला तशीच पुढं असत. त्यांच्या मागोमाग कांताबाई आल्या. पायरीच्या कडेला उभ्या राहिल्या. तात्यांच्या कारभारणीनं जरा सरकून जागा केली, बघितलं न बघितल्यासारखं करत. कांताबाई जरा वेळानं बसल्या.

लाईट आली तेव्हा शेतीचा कार्यक्रम चालू होता. एक माणूस गाईला चारा घालत होता. बाकी काही नाही. रोज घरी गाईला चारा घालणारी ती पोरं तोंड उघडं टाकून बघत होती. गाय मान हलवून चघळायला लागली तेव्हा टाळ्या पडल्या. तात्या मला म्हणाले, "बघा ताई, काय शिस्तीत बसल्यात. म्याडमला सांगा, फुडल्या साली काय मोजायचं ते लवकर कळवा."

मॅडम शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. शाल घडी करून काखेत, छत्रीच्या शेजारी. एरवी त्या कामाच्या जागी हसत नसत.

अनुदान बंद झालं. त्यात कुणाचा दोष नव्हता, अट अटच होती. पहिल्या वर्षाचा अहवाल मात्र द्यायचा होता. नगरच्या खोलीत मी टाइपरायटरवर बसले आणि मॅडम येरझारा घालत सांगत गेल्या. रस्त्यावरच्या गावाबद्दल जे बघितलं ते सगळं लिहिलं, जे बघितलं नाही ते लिहिलं नाही. अभ्यास पुढं का नेता येत नाही, याचं कारण शेवटी द्यायचं होतं. तिथं त्यांनी दोन वाक्यं सांगितली. 'तुलनेसाठी निवडलेल्या गावात टीव्ही आला. तो गावातल्या सर्व मुलांनी पाहिला.'

अहवाल गेला आणि आठवड्यानं साहेबांचा फोन आला. मी उचलला आणि मॅडमना दिला. खोली लहान, आवाज मोठा, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, अहवाल उत्तम आहे, पण शेवटचं वाक्य काढू या, पहिल्या वाक्यानं काम भागतंय.

मॅडम म्हणाल्या, "पहिलं वाक्य तुमच्यासाठी आहे. काम का थांबवलं, ते तुम्हाला वर सांगता यावं म्हणून. आम्ही वर्षभर जे केलं, ते दुसऱ्या वाक्यात आहे. ते राहू द्या."

मग साहेब म्हणाले, "बरं."

ते राहिलं.